उतरलेल्या पट्टीचा पियानो

मित्रांनो, मला पाहून कुणालाही वाटेल की हा नुसता भिंतीला टेकून उभा आहे, याला कसले आलेत कष्ट! मी एक जुना पियानो आहे, आणि सगळ्यात आधी हेच सांगतो की पियानो कधी नुसता उभा नसतो. माझ्या पोटात दोनशेच्या वर पोलादी तारा आहेत आणि प्रत्येक तार दोन्ही टोकांनी ताणलेली आहे. कुणी वाजवो न वाजवो, झाकण उघडं असो की बंद, ती ओढ चालूच असते. तुम्ही झोपलात की तुमचे हातपाय सैल पडतात. माझं तसं नाही. जन्मल्यापासून मी दातओठ आवळून उभा आहे. दमणं म्हणजे काय, ते मला विचारा.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. माझ्या हातोड्यांना लोकरीचा थर चिकटवणारी एक बाई होती. ती दिवसभर गुणगुणायची आणि दिवसभर बेसूर गुणगुणायची. माझ्यावर फिरलेला पहिला मायेचा हात तिचा. त्यामुळे असेल, पण सूर चुकणाऱ्या माणसांचा मला आजवर राग आलेला नाही. सूर चुकला तरी माणूस चुकीचा नसतो, एवढं मी तिथूनच शिकून निघालो.

मला एका नाचघरानं विकत घेतलं. नाचघर पहिल्या मजल्यावर, आणि जिना असा वळणाचा की हमालांनी मला दोर बांधून चढवलं. अर्ध्या जिन्यात एक हमाल घाम पुसत म्हणाला, "यापेक्षा म्हैस चढवणं सोपं. ती निदान स्वतःचे पाय तरी उचलते." मी काय बोलणार? माझे पाय कोरीव होते, पण उचलायचे नव्हते.

तिथेच मला माझी माणसं भेटली. माझ्यासमोर स्टुलावर बसणारा तरुण दिवसा शाळेत गणित शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. मोठं सारंगीसारखं वाद्य उभं धरून वाजवणारा होता लंबू. ते वाद्य माणसाच्या उंचीचं असतं आणि अगदी खालच्या, जाड आवाजात बोलतं. लंबू त्याच्याहूनही उंच. ड्रम वाजवायचा धडाम. तो जिनाही धडाम धडाम चढायचा, त्यामुळे त्याच्या नावाचा खुलासा कधी कुणी मागितला नाही.

आणि गायची ती मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच मास्तरांना वाढवलं. दिवसा शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची आणि संध्याकाळी इथे गायची. सगळे तिला ताई म्हणत. वयानं मोठे असलेलेसुद्धा.

मित्रांनो, गाणारी माणसं आपला आवाज किती उंच जातो, ते माझ्यासारख्या वाद्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. ताईची पट्टी काळी पाच, पाचवी काळी पट्टी. म्हणजे चांगलीच वरची. ती गायला लागली की नाचणारी जोडपी पावलं विसरायची. गाणी मात्र सगळी दुसऱ्यांची होती. कुठेतरी गाजलेलं गाणं इथे हुबेहूब म्हणायचं, हे या चौघांचं काम. लोक म्हणत, "अगदी तस्संच म्हणते हो!" ताईला ते कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं. माझ्या डोक्यावर लोक ओले पेले ठेवायचे, त्याचे पांढरे गोल डाग अजून आहेत. ते माझे सत्काराचे दिवस, असं मी मानतो. दुसरं काही मिळालं नाही, मग डागच मोजायचे.

पुढे लोकांना घरबसल्या गाणी ऐकायला मिळू लागली आणि नाचघर ओस पडलं. मालकांनी खालचा मजला फरशांच्या गोदामाला दिला. वरची खोली मात्र त्यांनी बंद केली नाही. त्यांची बायको त्यांना याच खोलीत नाचताना भेटली होती आणि आता ती नव्हती. "बसा तुम्ही वर," ते मास्तरांना म्हणाले, "खोलीत कुणीतरी असलं म्हणजे बरं."

म्हणून चौघं येत राहिले. आठवड्यातून दोनदा, दुपारी. खाली फरशांचा खणखणाट, वर यांची जुनी गाणी. ऐकायला मी आणि चार मोडक्या खुर्च्या.

आता माझी खरी गोष्ट सुरू होते.

माझे सूर जुळवायला वर्षातून एकदा एक कारागीर यायचे. खिशात तारांचे खुंटे पिळायची लोखंडी चावी असायची, म्हणून ते चावीवाले काका. एका वर्षी त्यांनी मला नेहमीसारखं ओढायला घेतलं आणि माझ्या दोन तारा लागोपाठ तुटल्या. खोलीत कुणी नव्हतं. काकांनी माझ्या लाकडाला कान लावला, आतली करकर ऐकली आणि स्वतःशीच पुटपुटले, "थकलास रे बाबा. नको ओढायला. जिथे आहेस तिथेच तुझ्या तारा एकमेकींशी जुळवून देतो."

त्यांनी तसं केलं. पुढल्या वर्षी मी अजून थोडा उतरलो होतो, त्यांनी पुन्हा तिथेच जुळवलं. त्याच्या पुढल्या वर्षीही. असा मी गुपचूप खाली खाली येत गेलो. म्हातारी माणसं उंचीला कमी होत जातात ना, तसा.

तुम्ही म्हणाल, एवढे कान तयार असलेले लोक, त्यांना कळलं कसं नाही? अहो, कान तयार असलेली माणसं एवढंच बघतात की आपण एकमेकांशी जुळतोय की नाही. लंबू आला की म्हणायचा, "मास्तर, सूर द्या." मास्तर माझी पट्टी दाबायचे, लंबू आपली तार तेवढी सैल करायचा. त्याला वाटायचं, हवेनं झालं असेल. ड्रमला तर सुराचं सोयरसुतकच नाही. आणि ताई माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. तिचा आवाज वयाबरोबर उतरत होता आणि मीही तिच्याबरोबर उतरत होतो. दोघं एकाच जिन्यानं, बरोबरीनं. त्यामुळे तिला कधी ठेचच लागली नाही.

उलट तिला त्याचा केवढा तोरा! "विशीत काळी पाचला गायचे, सत्तरीतही काळी पाचलाच गाते," असं ती भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकवायची. गुडघे गेले, दात गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण आवाज तिथेच आहे, या एका गोष्टीवर तिचा दिवस उभा राहायचा.

अशातच धडामचं मनगट धरलं. त्याला भराभर वाजवता येईना. "हळू घ्या रे," तो कुरकुरला, "मी आता धडाम राहिलो नाही, नुसता 'धड' झालोय." म्हणून एक जुनं उडतं गाणं त्यांनी अगदी संथ घेतलं. संथ घेतल्यावर त्याला मधे मधे भोकं पडली. आणि एका भोकात ताई काहीतरी भलतंच गुणगुणली. त्या गाण्यातलं नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही.

मास्तरांचे हात थांबले. "ताई, हे काय होतं?"

"काही नाही रे. जिना चढताना रोज मनात येतं ते."

"पुन्हा म्हण."

तिनं म्हटलं:

*जिना तोच आहे, पायऱ्या वाढल्या,*
*घर तेच आहे, खोल्या लांब गेल्या.*

लंबूनं खाली एकच जाड सूर धरून ठेवला. धडामनं काठी टाकून दिली आणि नुसत्या बोटांनी ड्रमवर थाप दिली. ते झालं त्यांचं पहिलं स्वतःचं गाणं. सत्तरी ओलांडल्यावर!

मग बांध फुटल्यासारखं झालं. एक गाणं ऐन वेळी नाव न आठवण्यावर: *नाव होतं जिभेवर, जीभ कुठे ठेवली?* एक चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधण्यावर. एक बसथांब्यावरचं बाकडं काढून टाकलं त्यावर. ते ऐकून खालचे फरशा उचलणारे हमालही जिन्यात येऊन उभे राहिले. इतकी वर्षं दुसऱ्यांची सुखदुःखं हुबेहूब म्हणणारी ही माणसं आता स्वतःची म्हणत होती, आणि ती कशासारखीच नव्हती. मी इतका थकलेला, पण त्या दुपारी मला वाट पाहायला लावायच्या.

लंबूची भाची ध्वनिमुद्रणाचं काम करायची. ती एकदा मामाला न्यायला आली आणि पूर्ण गाणं होईपर्यंत दाराशीच खिळली. "मामा, अहो हे तुम्ही लपवून काय ठेवलंय? माझ्या स्टुडिओत या. ही गाणी ध्वनिमुद्रित झालीच पाहिजेत."

चौघं नटूनथटून गेले. ताईनं केसांना कलप लावला. "तिथे फोटो नाही, आवाज घेतात," मास्तर म्हणाले. "असू दे," ताई म्हणाली, "आवाजातही कळतं." मी अर्थातच इथेच राहिलो. म्हशीला दुसऱ्यांदा जिन्यात कोण घालणार?

तिथे काय घडलं, ते मला त्यांच्या भांडणातून कळलं. पुढल्या खेपेला ते आले ते कुणी कुणाशी न बोलता. ताई खुर्चीवर बसली. पर्सही खाली ठेवली नाही.

"मी सांगायला आलेय," ती म्हणाली. "माझं गाणं संपलं. आवाज गेला माझा."

"ताई, एखाद्या दिवशी घसा बसतो," मास्तर म्हणाले.

"तीनदा घेतलं ना मी? तिन्ही वेळा वर फाटला. त्या पोरीनं काचेपलीकडून कसं गोड हसून सांगितलं, 'पाणी घेता का?' पाणी! मी काय उचकी लागल्यासारखी दिसत होते?"

"नवी जागा, नवा पियानो..."

"पियानोला दोष देऊ नकोस. काळी पाच म्हणजे काळी पाच."

लंबूला असल्या वेळी कुठे बघावं कळत नाही. तो आपलं वाद्य गवसणीतून काढत बसला. एरवी तो पहिल्यांदा सूर मागायचा. आज मागायची सोय नव्हती. त्यानं उगाच एक तार छेडली. ती अजून त्या स्टुडिओतल्या पियानोला जुळलेली होती, तशीच. आणि मास्तरांनी सवयीनं माझी तीच पट्टी दाबली.

मित्रांनो, तो आवाज मी विसरणार नाही. दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. धडामनंसुद्धा तोंड वाकडं केलं.

"तुझं वाद्य चढलंय," मास्तर म्हणाले.

"चढलं नाही," लंबू हळूच म्हणाला. "तिथे जुळवताना मला तार इतकी पिळावी लागली की भीती वाटली. म्हटलं, सांगावं की नाही..."

मास्तर गणिताचे. ते एकेक पट्टी दाबत, लंबूच्या तारेशी ताडत वर सरकले. दोन घरं वर गेल्यावर जवळजवळ जुळलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. "आपला पियानो, मधली पांढरी धरून, जवळजवळ दोन पट्ट्या खाली आहे. आपण काळी पाच दाबतो आणि वाजते काळी चार."

खालून एक फरशी फुटल्याचा आवाज आला आणि हमालांच्या शिव्या.

"म्हणजे ताई," धडाम उत्साहानं म्हणाला, "तुझा आवाज गेलेला नाही! तो तर..."

"कळलं मला." ताई उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. पण तिनं माझ्या लाकडावर मूठ आपटली. "म्हणजे माझा आवाज कधीचाच उतरला. आणि मी अख्ख्या गावाला सांगत फिरले! इतकी वर्षं या खोक्यानं मला कडेवर घेतलं होतं, आणि मला वाटत होतं मी चालतेय!"

"ताई, सोपं आहे," मास्तर म्हणाले. "तिथल्या पियानोवर मी काळी चारला वाजवतो. तू गा."

"उतरलेल्या पट्टीत मी गाणार नाही."

"इतकी वर्षं तेच करतेस ना?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं!" ती ओरडली. मग शांतपणे म्हणाली, "चावीवाल्यांना बोलाव. याला खऱ्या सुरावर आणायला सांग. मी इथे बसून रियाज करीन. जमलं तर गाईन, नाही तर नाही."

"तुटेल तो."

"तुटू दे. खरं काय ते तरी कळेल."

मित्रांनो, मी ते ऐकलं. रागावलो नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

पुढल्या खेपेला चावीवाले काका आले. सगळं ऐकून ते अवघडले. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कानाची माणसं. मी म्हटलं, सोयीचं असेल, म्हणून बोलत नाहीत." ताईनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. काकांनी चावी खुंट्याला लावली.

ओढ म्हणजे काय, ते मी विसरलो होतो. आधी त्यांनी मधली काळी पाच घेतली. मधल्या प्रत्येक सुराला माझ्या पोटात तीन तीन तारा आहेत. त्या तिन्ही कुरकुरत वर गेल्या आणि टिकल्या. खोलीत खरी काळी पाच वाजली. ताईनं पदर खोचला, श्वास घेतला आणि तिथे आवाज लावला.

लागला. खरंच लागला. पण सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"कसा होता?" तिनं विचारलं.

"लागला की, ताई," धडाम म्हणाला.

"तू आयुष्यात एक धड खोटं बोलू शकला नाहीस. खरं सांग."

धडामनं मनगट चोळलं. "दार फुगल्यावर कसं उघडतं... तसा."

ताईला हसू फुटलं. नको असताना फुटलं. ती हसत असतानाच काकांनी शेजारच्या सुराच्या तारेला पीळ दिला आणि ती तुटली. काकांच्या हातावर लाल रेघ उमटली. माझ्या आत ती तुटकी तार बराच वेळ झणझणत राहिली.

ताईनं पर्समधून रुमाल काढून काकांच्या हाताला बांधला. गाठ मारता मारता म्हणाली, "काका, पुरे. ते वर नेलेलंही खाली आणा."

"ताई, रियाज करणार होतीस ना?" मास्तर म्हणाले.

"कशाचा? मी वर होते तेव्हा काय गायचे, आठव. दुसऱ्यांचंच. हे जिन्याचं गाणं मला विशीत सुचलं असतं? तेव्हा मी दोन दोन पायऱ्या चढायचे." ती थांबली. "ही गाणी वरची नाहीतच रे. ती इथे खालीच जन्मलीत. आणि मी त्यांना वर ओढायला निघाले होते, लोकांनी 'अगदी तश्शीच' म्हणावं म्हणून."

काकांनी तीन तारा उतरवल्या. मास्तर स्टुलावर बसले आणि काळी पाच दाबली, म्हणजे आमची काळी चार. ताईनं मान हलवली.

"अजून खाली घे."

"अजून?"

"आता सांभाळायचं काय उरलंय? बघू तरी, खाली काय आहे ते."

ते पट्टी पट्टी उतरत गेले. एका ठिकाणी तिनं हात वर केला. आणि तिथून ती गायली. मित्रांनो, इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. त्यात गोडवा कमी होता. जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यावर आतून जसा गारवा आणि वास येतो, तसं काहीतरी त्यात होतं. लंबूला आपला सूर आणखी खाली शोधावा लागला. मास्तरांनी डाव्या हाताला जेमतेम कामाला लावलं. जिथे माझी तार तुटली होती, तो सूर आता थोडा पोकळ वाजत होता. त्यांनी मुद्दाम त्याच्यावर दोनदा बोट ठेवलं. गाणं संपल्यावर धडाम कितीतरी वेळ पाठमोरा बसला होता.

ताई मात्र लगेच पर्स उचलून म्हणाली, "दुसरं कडवं अजून नीट नाही. उद्याही या. आठवड्यातून दोनदा बसून हे व्हायचं नाही."

भाचीला मग आपली यंत्रं घेऊन याच खोलीत यावं लागलं. गोदामातल्या हमालांनी जेवणाची सुट्टी लांबवली आणि तेवढा वेळ एकही फरशी हलवली नाही. सगळी गाणी झाल्यावर तिनं कानावरची यंत्रं काढली आणि विचारलं, "ताई, पट्टी कोणती म्हणून नोंदवू? ही कुठल्याच खऱ्या सुरावर बसत नाहीये."

"ते तुमचं तुम्ही बघा," ताई म्हणाली. "आम्ही बसलोय ना, तेवढं पुरे."

आता ती गाणी लोक ऐकतात म्हणे. आवडतात की नाही, मला ठाऊक नाही. मला कुणी येऊन सांगत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते रोज येतात आणि मला विश्रांती म्हणून नाही. मास्तरांची बोटं सुजतात. लंबूला आता जिन्यात दोनदा बसावं लागतं. रोज नवीन काहीतरी चाललेलं असतं, आणि निम्मं मोडून पुन्हा करायचं असतं. थकवा जायचं नाव नाही. पण पूर्वी मी दिवस ढकलत थकायचो, आता काम करून थकतो. या दोन थकव्यांत फार फरक आहे, मोठे झालात की कळेल.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरी कुणीतरी जुनं असेल. वाद्य असेल, नाही तर माणूस. त्याला धूळ खात ठेवू नका, हे तर आहेच. पण त्याच्यावर प्रेम आहे म्हणून त्याला पूर्वीच्या उंचीवर ओढतही बसू नका. "पूर्वी किती छान होतं" हे त्याला फार ऐकू आलेलं असतं. त्यापेक्षा जवळ बसा, एक पट्टी दाबा आणि आज सूर कुठे आहे तो ऐका. मग आपली तार तिथे आणून जुळवा. आणि त्याला विचारा, पुढे काय करायचं?

उत्तराला वेळ लागेल. थांबा. मास्तरही थांबतात. ताई आत्ता खिडकीशी उभी आहे, काहीतरी पुटपुटतेय, बोटांवर मात्रा मोजतेय आणि कुणी खोकलं तरी हातानं गप्प करतेय. तिचं नवं गाणं अजून झालेलं नाही.